गोलाईदार सागावर गणपती, मोर आणि वेल: देव्हाऱ्याच्या पॅनेलच्या कामाच्या नोंदी

१४ जून २०२५

काम असे: वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या मावशीचा देव्हारा वाळवीने खाल्ला. नवा करायचा. बैठकीखालचे पुढचे पॅनेल तिला सपाट नको, पूर्वीसारखे पोट बाहेर काढलेले हवे. मधोमध गणपती, दोन्ही बाजूंना मोर, मोरांच्या मागून वेल, कडेने गोफाची चौकट. मुदत २७ ऑगस्ट, गणेशचतुर्थी.

यंत्र मकरपुरा जीआयडीसीतल्या ओळखीच्या वर्कशॉपमधले, तीन अक्षांचा राउटर (संगणकावर चालणारे कोरीवकामाचे यंत्र), तासाला ४०० रुपये. सॉफ्टवेअर ॲस्पायर. तिथला ऑपरेटर अजून आर्टकॅमवर काम करतो. ऑटोडेस्कने २०१८मध्ये आर्टकॅमची विक्री थांबवली, तरी जुन्या फायलींमुळे त्याने ते सोडलेले नाही. खाली जे लिहितो आहे ते आर्टकॅमवाल्यांनाही चालेल, फक्त ॲस्पायरमध्ये आकृत्या जुळवण्याच्या ज्या पद्धतींना (मोड) मर्ज आणि लो म्हणतात त्यांना तिकडे मर्ज हाय आणि मर्ज लो म्हणतात.

मापे: पॅनेलची रुंदी ४८० मिमी (सरळ रेषेत), उंची ३६० मिमी, मध्यभागी फुगवटा ४५ मिमी. गोलाई फक्त आडवी. उभ्या दिशेत पॅनेल सरळ. त्रिज्या काढली: २४०चा वर्ग अधिक ४५चा वर्ग, भागिले ९०. उत्तर ६६२.५ मिमी. कडेला उतार साधारण २१ अंशांचा येतो. हा २१चा आकडा पुढे सगळीकडे लागणार आहे, म्हणून आधी काढून ठेवा. चापाची लांबी ४९१ मिमी, म्हणजे सरळ रुंदीपेक्षा ११ मिमी जास्त.

१५ जून

लाकडाचा हिशेब. एकाच जाड ठोकळ्यातून कोरायचे तर फुगवटा ४५, गणपतीचा उठाव १४, पाठीला १३, म्हणजे ७२ मिमी जाडीचा साग लागणार. त्यातल्या बऱ्याचशाचा भुसा होणार. वलसाडी सागाचा घनफुटाचा भाव ऐकल्यावर तो विचार तिथेच सोडला.

दुसरा रस्ता पिंपाचा: अरुंद पट्ट्या कडेला तिरप्या रंधून एकमेकींना चिकटवायच्या, म्हणजे कच्चा माल आधीच गोलाईत येतो. मी सहा पट्ट्यांचा हिशेब करून नेला होता. मिस्त्रींनी कागद पाहिला आणि म्हणाले, “भगवानना मोढा परथी सांधो न जवो जोईए.” बरोबर आहे, सम संख्येच्या पट्ट्या घेतल्या की मधला सांधा नेमका सोंडेवरून जातो. मग सात पट्ट्या. प्रत्येकीची रुंदी ७० मिमी, दोन्ही कडा तीन-तीन अंशांनी तिरप्या. सपाट पट्टी आणि खरी गोलाई यांत फरक पडतो तो मिलिमीटरभराचाही नाही, म्हणून ३० मिमी जाडीत सगळे बसते. सांधे गणपतीच्या कानांवरून जातात, ते चालेल.

पाच पट्ट्यांतही जमले असते, पण जवळपास १०० मिमी रुंद पट्टी पावसाळ्यात वाकते.

१९ जून

उठाव गोळा केले. गणपती विकत घेतला, ४५० रुपये, एसटीएल (त्रिमितीय आकृतीची) फाइल. सोंड डावी आहे ना, हे मावशीला फोटो पाठवून आधीच विचारून घेतले. मोर एका जुन्या राखाडी चित्रातून, म्हणजे जितके पांढरे तितके उंच अशा प्रकारचे. वेल आणि गोफ स्वतः काढले.

गोलाईचा पाया टू रेल स्वीपने केला: दोन उभ्या रेषा रूळ म्हणून, त्यांच्यामध्ये चाप. पाया सगळ्यात खालच्या लेव्हलवर (थरावर) ठेवला आणि त्याला कुलूप घातले. त्याला पुन्हा हात लावायचा नाही.

कामाच्या सुरुवातीलाच मॉडेलचे रेझोल्यूशन वर नेऊन ठेवा. गणपतीचा डोळा इथे जेमतेम सहा मिमीचा आहे. कमी रेझोल्यूशनवर आकृती आणली आणि नंतर आकडा वाढवला, तर गेलेला बारकावा परत येत नाही. आकृती पुन्हा आणावी लागते. लॅपटॉप कुरकुरतो, कुरकुरू द्या.

२२ जून

आज खरे काम सुरू झाले आणि सगळा दिवस त्यातच गेला.

गणपती पायावर ठेवला, मोड मर्ज. मर्ज म्हणजे प्रत्येक बिंदूवर दोघांपैकी जो उंच तो राहतो. पाया मध्यभागी ४५ मिमी उंच, गणपती १४. गणपती असा काही बुडाला की चतुर्थीच्या आधीच विसर्जन झाले. मग त्याची बेस हाइट वाढवत गेलो. ४० मिमीला पोट आणि सोंड वर आली, हात अर्धे, मागचे सिंहासन नाही. ४५ला सगळे वर आले, पण बाजूला पाया उतरत जातो आणि गणपती आपला सपाटच, त्यामुळे कानांच्या बाहेरच्या कडा पायापासून सुटून उंच भिंतीसारख्या उभ्या राहिल्या. वरून पाहताना कळत नाही. स्क्रीनवर मॉडेल तिरपे करून पाहिले की लगेच दिसते.

मोड ॲड केला. ॲडमध्ये पायाच्या उंचीत गणपतीची उंची मिळवली जाते, म्हणून आकृती गोलाईबरोबर वाकते. गणपती नीट बसला. पण त्याच्याभोवती तीन मिमीची पायरी उठली. फाइल बनवणाऱ्याने आकृतीच्या खाली पाट ठेवला होता आणि तोही आकृतीबरोबर मिळवला गेला. ऑपरेटरने स्क्रीनवर पाहून सांगितले, “भाई, आ तो पगथियुं देखाय छे.” मिस्त्रींच्या मापात एक सूत.

पाट काढायचा म्हणजे आकृती आणतानाच शून्याची पातळी पाटाच्या वरच्या पृष्ठाशी नेऊन खालचा भाग कापून टाकायचा. एसटीएल आणताना जी आडवी पट्टी खाली-वर सरकते, ती नुसती खाली ठेवून पुढे जाऊ नका. शंका असेल तर पाट दिसेनासा होईपर्यंत अर्धा मिमी जास्तच कापा. कडा थोडी आत गेली तर दिसत नाही, पण अर्ध्या मिमीची पायरी पॉलिशनंतर काळी रेघ होऊन दिसते. कापून झाल्यावर आकृतीची बाह्यरेषा काढली आणि तिच्या बाहेर उरलेले कण साफ केले. एसटीएलच्या कडेला असे कण हमखास राहतात.

आता मोर आणि वेल. वेल ५ मिमी, मोर ९ मिमी, सगळे ॲडवर. वेल मोराच्या पिसाऱ्यामागून जायला हवी, पण जिथे दोघे एकमेकांवर येतात तिथे ९ अधिक ५ म्हणजे १४. पिसाऱ्यावर वेलीच्या आकाराचा फुगा आला. मोराला मर्ज करावा तर तो पायात बुडतो, कारण मर्ज त्याच्या खालच्या सगळ्यांशी तुलना करतो, फक्त वेलीशी नाही.

उत्तर लेव्हलमध्ये आहे. प्रत्येक लेव्हलमधल्या आकृत्या आधी आपसात जुळतात, आणि मग ती अख्खी लेव्हल तिच्या स्वतःच्या मोडने खालच्याशी जुळते. म्हणून नवी लेव्हल केली, नाव “सजावट”. तिच्यात वेल, मोर आणि गणपती आणले आणि ते सगळे एकमेकांशी मर्जवर ठेवले. मग लेव्हलचा मोड ॲड. वेल मोरामागे गेली, मोर सिंहासनामागे गेला आणि सगळे मिळून गोलाईवर वाकले. आधी आपसात मर्ज, मग गोलाईवर ॲड. ज्यांना हेच काम करायचे आहे त्यांनी बाकी काही वाचले नाही तरी चालेल.

गोफाची चौकट तिसऱ्या लेव्हलवर, तीही ॲड. चौकट सजावटीच्या लेव्हलवर ठेवली तर वेलीची टोके चौकटीवर चढलेली दिसत नाहीत, कारण गोफ ६ मिमीचा आणि वेल ५ची. वेगळ्या लेव्हलवर ती टोके चौकटीवर मिळवली जातात आणि वेल चौकटीवरून वळून गेल्यासारखी दिसते. हे ठरवून केलेले नाही, पण मावशीला आवडले.

२४ जून

मिस्त्री मूळचे संखेड्याचे, वडोदऱ्यापासून पन्नासेक किलोमीटर, लाखेच्या रंगाच्या खरादी (लेथवर घडवलेल्या) फर्निचरचे गाव. त्यांना लेव्हल समजावून सांगत होतो तर म्हणाले, खरादावर दुसरे काय असते? आधी पाया गोल करायचा, नक्षी त्याच्यावर, आणि पाया गोल झाल्याशिवाय नक्षीला हात लावायचा नाही. मग त्यांना पुढे काही सांगावे लागले नाही.

२९ जून

मोराकडे नीट पाहिले. चित्र जेपीजी होते. दोन दुखणी.

पहिले: आठ बिटांच्या चित्रात उंचीच्या २५६च पायऱ्या. ९ मिमी उंचीला एक पायरी ०.०३५ मिमीची. आकडा लहान वाटतो, पण मोराच्या छातीसारख्या हळूहळू चढणाऱ्या भागात नकाशावरच्या समोच्च रेषांसारखे पट्टे दिसतात, आणि गोलाईमुळे उजेड तिरपा पडत असल्याने ते जास्तच दिसतात. दुसरे: जेपीजी चित्र आठ बाय आठ बिंदूंच्या चौकटींत दाबले जाते आणि त्या चौकटींच्या कडा उठावात काट्यांसारख्या येतात.

अख्ख्या मोरावर स्मूथ फिरवले तर पट्टे जातात, पण पिसांच्या रेषाही जातात. म्हणून उलटे केले. मोर भरपूर गुळगुळीत केला, पिसे पुसली जाऊ दिली. मग पिसांच्या रेषा वेक्टरने नव्याने काढल्या, त्यांच्यापासून ०.६ मिमी खोल बारीक आकृती केली आणि ती सबट्रॅक्टवर, मोराच्या नंतर गणली जाईल अशा जागी ठेवली. मोराच्या आधी ठेवली तर ती वेलीतून वजा होते आणि वर मोर येऊन सगळे झाकतो. काही झालेच नाही असे वाटते.

सोळा बिटांचे चित्र मिळाले तर त्यात ६५,५३६ पायऱ्या असतात आणि हे सगळे करावे लागत नाही. पण आठ बिटांचे चित्र नुसते सोळा बिटांत साठवले तर काही मिळत नाही. पायऱ्या तितक्याच राहतात.

६ जुलै

एमडीएफवर चाचणी. १८ मिमीचे चार थर फेविकॉलने चिकटवून ७२ मिमीचा ठोकळा. फक्त उजवा अर्धा भाग कोरला, डावा तर आरशातलाच आहे. अडीच तास, एक हजार रुपये. एमडीएफची भुकटी फार बारीक असते, मास्क लावा. वर्कशॉपमध्ये कुणी लावत नाही म्हणून आपण टाळू नये.

जे दिसले ते असे.

गणपती उत्तम.

मोर एका बाजूने अंधारा आणि दुसऱ्या बाजूने पुसट. ॲड उंची मिळवतो ती सरळ वर, पृष्ठाला काटकोनात नाही. २१ अंशांवर जाडीत जो फरक पडतो तो सात टक्क्यांचा, त्याची काळजी नाही. खरा फरक भिंतींच्या उतारात आहे. मोराची कड ६० अंशांची होती. बाहेरच्या बाजूला, जिथे पायाही खाली उतरतो, तिथे दोन उतार मिळून ती ६५च्या आसपास जाते. आतल्या बाजूला एकमेकांना कापून ५३वर येते. शिवाय पिसाऱ्यातली हलकी वळणे, जी बाहेरच्या दिशेला हळूहळू चढत होती, ती समोरून सपाट वाटू लागली, कारण पायाचा उतार आणि त्यांचा चढ एकमेकांना खाऊन टाकतात. वेलीची कडेची पाने तर अगदी कागदी.

इलाज दोन केले. मोराची उंची ९वरून १०.५ केली आणि कडेच्या पानांची ५वरून ६.५. मग पानांना आकृतीच्या गुणधर्मातून थोडा टिल्ट दिला, पानाचा आतला अर्धा भाग खाली आणि बाहेरचा वर. किती, याचे सूत्र नाही. स्क्रीनवर उजेड मावशीच्या खिडकीच्या दिशेने ठेवून डोळ्यांनी ठरवले. देव्हाऱ्याला उजेड कुठून येणार हे आधी घरी जाऊन पाहा. मावशीकडे खिडकी उजवीकडे आहे, म्हणून डावा मोर आणि उजवा मोर शेवटी वेगवेगळ्या टिल्टचे झाले. आरशाने उलटवलेला मोर पुरत नाही.

चोच तुटली. एमडीएफमध्येच तुटली, तर सागात आडव्या रेषांवर नक्की तुटणार. चोच मोकळ्या पार्श्वभूमीवर तीन मिमी रुंद आणि आठ मिमी उंच उभी होती. वेलीचे एक पान सरकवून चोचीखाली आणले. मर्जमुळे पान चोचीच्या बाजूंना टेकू देते आणि चोच पानावरून दोनेक मिमीच वर राहते. दिसतेही बरे, मोर पान टोचतो आहे असे.

१३ जुलै

सागाच्या पट्ट्या चिकटवल्या. साग तेलकट असतो, चिकटवण्याआधी कडा थिनरने पुसल्या. दोरी आणि पाचरांनी आवळून रात्रभर ठेवले. पाऊस चालू आहे, म्हणून मिस्त्रींनी पट्ट्या आधी आठवडाभर वर्कशॉपच्या माळ्यावर ठेवल्या होत्या.

मागची बाजू गोल नाही, सात कोनांची आहे. ती यंत्राच्या टेबलावर बसवायला १८ मिमी एमडीएफच्या चार फासळ्या त्याच राउटरवर कापल्या, वरची कड सात कोनांची. ठोकळा त्यात हलत नाही. स्क्रू कडेच्या वाया जाणाऱ्या भागात.

१९ जुलै

टूलपाथ, म्हणजे कटरने चालायचा मार्ग. इथे वेळ वाचवण्यासारखे पुष्कळ आहे.

सॉफ्टवेअरला वाटते की माल ७२ मिमीचा अख्खा ठोकळा आहे. नेहमीचे रफिंग (आधीची ढोबळ कोराई) दिले की ते हवेत फिरत बसते आणि हवेचेही तासाला ४०० रुपये लागतात. आपला माल आधीच गोल आहे. म्हणून रफिंग टाकून दिले आणि फिनिशिंगचाच टूलपाथ ६ मिमीच्या बॉल नोजने (गोल टोकाच्या कटरने), स्टेपओव्हर (शेजारच्या दोन ओळींमधले अंतर) २.५ मिमी, तीनदा चालवायचे ठरवले: झेडचे (वर-खाली जाणाऱ्या अक्षाचे) शून्य १० मिमी वर धरून, मग ५ वर, मग १ वर. प्रत्येक फेरी अर्ध्या तासाची.

झेडचे शून्य टेबलावरून घ्या, मालाच्या माथ्यावरून नको. चिकटवलेल्या पट्ट्यांचा माथा कुठे आहे हे नक्की सांगता येत नाही, आणि पहिल्या फेरीनंतर तो उरतही नाही.

फिनिशिंगला १ मिमी त्रिज्येचा टेपर बॉल नोज. दिशा उभी, म्हणजे गोलाईच्या अक्षाला समांतर. आडवा टूलपाथ दिला तर प्रत्येक फेरीत झेडला ४५ मिमी चढून उतरावे लागते, आणि या राउटरचा झेड बाकी अक्षांपेक्षा संथ आहे, म्हणून सगळे यंत्र त्याच्या चालीने चालते. उभ्या दिशेत झेड फक्त उठावापुरता हलतो. सागाच्या रेषाही उभ्या आहेत, त्यामुळे तंतू कमी उपटतात आणि उरलेल्या बारीक रेघा लाकडाच्या रेषांत मिसळतात.

स्टेपओव्हर सगळीकडे ०.३ मिमी धरला तर टोकाला ५७६ मीटर चालायचे आहे. मिनिटाला अडीच मीटरने जवळजवळ चार तास, आणि बारकाव्यात यंत्र मंदावते ते वेगळे. ०.४ला तीन तासांच्या आत. दोन ओळींमधली उंचावलेली रेघ ०.४ला ०.०२ मिमी, ०.३ला ०.०११. म्हणून गणपतीच्या बाह्यरेषेच्या आत ०.३ आणि बाकी ठिकाणी ०.४.

२६ जुलै

कोरले.

पहिल्या तीन फेऱ्या ठरल्याप्रमाणे. फिनिशिंग अर्ध्यावर असताना जोराचा पाऊस आणि वीज गेली. कटर लाकडात तसाच अडकून थांबला. वीज आल्यावर आधी झेड हातानेच वर घेतला, मग होम (यंत्र मूळ जागी नेणे), मग शून्य पुन्हा तपासले. एक्स-वायचे शून्य फासळ्यांच्या कोपऱ्यात ठोकलेल्या पिनेवर आणि झेडचे टेबलावर होते, म्हणून तिन्ही परत सापडले. शून्य लाकडावर पेन्सिलीने खूण करून घेतले असते तर आज दुसरा साग शोधत असतो. जिथे थांबले त्याच्या थोडे आधीपासून सुरू केले. वेलीच्या पार्श्वभूमीवर एक उभी रेघ राहिली, नख लावले तर कळते.

एक कटर संपला. सागात सिलिका असते, धार लवकर जाते; कडेच्या पानांवर तंतू दिसू लागले की कटर बदला, आवाजाची वाट पाहू नका. नव्या कटरची लांबी वेगळी, म्हणून झेड पुन्हा टेबलावरून घेतला.

चोच शाबूत.

२ ऑगस्ट

सफाई. अख्ख्या पॅनेलवर पॉलिशपेपर फिरवू नका, कडा बोथट होतात. पार्श्वभूमीवर २२० नंबर लाकडाच्या रेषेत, गणपतीवर फक्त नायलॉनचा ब्रश आणि जुना टूथब्रश. विजेने दिलेली रेघ गेली. पिसांच्या रेषांमधली भुकटी सुईने.

कानांवरचे सांधे दिसतात. जवळून पाहिले तर दिसतात. मिस्त्री म्हणाले तेल लावल्यावर कमी होतील.

९ ऑगस्ट

मेलामाइनचे पॉलिश मारायचे ठरले होते. हवेत दमटपणा असताना ते पांढुरके पडते. बाजूच्या एका फळीवर मारून पाहिले आणि तसेच झाले. पाऊस थांबण्याची वाट पाहायला वेळ नाही. अळशीचे तेल, पातळ, तीन हात, मध्ये दोन-दोन दिवस सोडून. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, पाण्यात भिजवून मोकळ्या वाळत घाला. त्या आपोआप पेटू शकतात.

खर्च: साग आणि रंधाई २,६००, मिस्त्रींची मजुरी २,०००, यंत्राचे चाचणीसकट ३,६००, दोन कटर २,३००, एमडीएफ ३००, गणपतीची फाइल ४५०, तेल आणि किरकोळ ५००. एकूण ११,७५० रुपये. यात माझा वेळ धरलेला नाही, आणि मावशीने धरू दिलाही नसता.

१७ ऑगस्ट

पॅनेल बसवले. उजव्या खिडकीच्या उजेडात दोन्ही मोर सारखे दिसतात, म्हणजे टिल्टचा खटाटोप कामी आला. सांधे तेलात कमी झाले, गेले नाहीत. मावशीने हात फिरवून पाहिले आणि विचारले, “वरची घुमटी पण अशीच कोरशील ना?”

रात्री हिशेब केला. तिला हवी ती घुमटी २४० मिमी व्यासाची, अर्धी गोल, १२० उंच. तिथे आधी मर्ज आणि मग ॲड हा क्रम बरोबरच आहे, पण पायाच साथ देत नाही. माथ्यापासून ८५ मिमी बाहेर गेलो की उतार ४५ अंश. ६० अंशांना उठावाची पृष्ठाला काटकोनात मोजलेली जाडी निम्मी होते. त्याखाली सरळ उभी भिंत. तीन अक्षांच्या यंत्रात कटर वरून येतो, त्याला तिथे पाकळी कोरता येत नाही, आणि १२० मिमी खोल जाणारा बारीक कटर थरथरतो.

मिस्त्रींशी बोललो. घुमटी ते खरादावर गोल करतील. ८५ मिमी त्रिज्येच्या वर्तुळाच्या आत, माथ्यावर, मी कमळाच्या आठ पाकळ्या राउटरवर कोरीन. कडेकडे पाकळीची उंची वाढवत नेईन. त्याखालच्या उतारावर कोरीव काम नाही, खरादाची वलये. मावशीला सांगितले. वलये तीन हवीत म्हणाली.